४५० मीटर? आधी फीत आणा

गेल्या आठवड्यात आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ग्रुपांवर भेटला. मजकूर थोडक्यात असा: 'नीरज चोप्राचा भाला ९० मीटरवर थांबतो. डिस्क गोल्फवाले मात्र सहज ४५० मीटर फेकतात! सगळा खेळ दंडाच्या ताकदीचा. सर्वांत वेगवान डिस्क घ्या, महिनाभर जिम करा, ३०० मीटर कोणालाही जमतं. त्यात नागपूरचा मे महिना म्हणजे सोन्याहून पिवळं, गरम पातळ हवेत डिस्क आणखी लांब जाते.'

डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या टोपलीत पोचवायचा खेळ. आम्ही सहा-सात जण चार वर्षांपासून रविवारी सकाळी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर डिस्क फेकतो. साखळ्यांची टोपली परवडत नाही, म्हणून कडेच्या निंबाच्या खोडालाच टोपली मानतो. ज्या काकांनी मेसेज टाकला त्यांनी वर मलाच विचारलं, "काहून रे, तुझं किती जाते?" तेव्हा गप्प बसणं जमलं नाही.

४५० मीटर म्हणजे किती ते आधी पाहा. धावण्याच्या ट्रॅकची अख्खी फेरी ४०० मीटरची. ती सरळ ताणली आणि वर ५० मीटर जोडले, तितकी ही फेक. डिस्क गोल्फची चकती इतकी लांब कोणीच फेकलेली नाही. मग आकडा आला कुठून? माझा अंदाज साधा आहे: हा खेळ वाढला अमेरिकेत, तिथे अंतर फुटांत सांगतात. ४५० फूट म्हणजे १३७ मीटर, आणि हा आकडा व्यावसायिक खेळाडूंना अगदी शोभतो. सपाट मैदानावर, वारा नसताना त्यांची मोठी फेक साधारण ४०० ते ५०० फूट, म्हणजे १२० ते १५० मीटर जाते. भाषांतर करताना कोणीतरी फुटाचा मीटर केला आणि १३७ चे ४५० झाले.

हे लिहिल्यावर ग्रुपवर लगेच एकाने ३३८ मीटरच्या विक्रमाचा व्हिडिओ टाकला. "हे घ्या, साडेचारशे नाही तर साडेतीनशे!" विक्रम खरा आहे. डेव्हिड विगिन्स ज्युनियर, २८ मार्च २०१६, अमेरिकेच्या नेवाडातलं प्रिम, ३३८ मीटर. पण ती जागा बघा. वाळवंटातलं सपाट मोकळं माळरान. लांब फेकीचे विक्रम करणारे तिथे वाऱ्यासाठीच जमतात, पाठीमागून जोराचा वारा सुटेपर्यंत थांबतात आणि डिस्क त्याच्या पाठीवर सोडतात. याआधीचा विक्रम सायमन लिझोटचा, ऑक्टोबर २०१४ मधला, २६३.२ मीटर. दीड वर्षात ७५ मीटरची वाढ! माणसाचा हात दीड वर्षात इतका सुधारत नाही. हात तेच, वारा वेगळा. बायकांमध्ये जेनिफर ॲलनने त्याच प्रिमला, विगिन्सच्या आदल्याच दिवशी, १७३.३ मीटर फेकली. हे आकडे लबाडीचे नाहीत, नियमात बसणारे आहेत. फक्त त्यांवरून रविवारच्या खेळाडूचं माप काढणं म्हणजे गोवारी उड्डाणपुलाच्या उतारावर सायकलला मिळालेला वेग रोजचा म्हणून सांगणं.

कोणी ४०६ मीटरचाही दाखला देईल. तोही खरा, २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एरिन हेमिंग्जने केलेला. पण ती चकती नव्हती, मध्ये भलं मोठं भोक असलेली एरोबी नावाची पातळ रिंग होती. डिस्क गोल्फमध्ये ती चालत नाही.

आता आमचं. पहिली दोन वर्षं आम्ही पावलांनी मोजायचो. एक मित्र ढांगा टाकत जायचा आणि डिस्कजवळ पोचून ओरडायचा, "शंभर झाले बे!" एका रविवारी मी ओळखीच्या ठेकेदाराकडून ५० मीटरची फीत मागून आणली. एक टोक मी चपलेखाली दाबून धरलं, दुसरं घेऊन तो चालत गेला. एकदा फीत पुरली, खूण केली, पुन्हा धरली. शंभर पावलांची फेक भरली ७३ मीटर. त्याची ढांगच पाऊण मीटरहून कमी निघाली. त्यातही शेवटचे काही मीटर डिस्क कोरड्या मातीवरून घसरत गेली होती. खेळात डिस्क जिथे थांबते तिथूनच पुढची फेक, त्यामुळे घसरण जमेस धरली तर चालतं. पण हवेतून ती किती गेली, हा हिशेब वेगळा. त्या दिवसापासून आमच्यातल्या तिघांचे 'शंभर' कायमचे गेले. नवशिक्याची फेक ४५ ते ६० मीटर, नियमित खेळणाऱ्याची ७५ ते १०० मीटर, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

दंडाच्या ताकदीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आमच्यात एक जण रोज जिमला जाणारा आहे, त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. दुसरा अकरावीतला काडीपैलवान. लांब कोणाची जाते? काडीपैलवानाची, आणि तीही वीसेक मीटरने. डिस्कचं वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम, तिला ढकलायला ताकद लागतच नाही. तिला लागतो सुटतानाचा वेग आणि गिरकी. व्यावसायिक खेळाडूंची डिस्क हातातून सुटते तेव्हा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे असते, आणि तो वेग पायातून सुरू होऊन कमरेतून, खांद्यातून येत सगळ्यात शेवटी मनगटात पोचतो. जिमवाला मित्र सगळं दंडानेच करायला जातो. मग होतं काय, तर सुटताना डिस्कची पुढची कड वर उचलली जाते. आम्ही त्याला 'नाक वर' म्हणतो. नाक थोडंही वर असलं की डिस्क झोकात चढते, बघणारे "वा!" म्हणतात, आणि मग ती हवेतच थबकते आणि संक्रांतीला ढील संपलेल्या पतंगासारखी डावीकडे गोता खाते. चाळीस मीटर उंच, चाळीस मीटर लांब.

'सर्वांत वेगवान डिस्क घ्या' हा सल्लाही त्याच जातीचा. डिस्कवर वेगाचा आकडा असतो, लांब पल्ल्याच्या डिस्कवर १२, १३, १४. तो आकडा तिने दिलेला वेग नव्हे, तिला द्यावा लागणारा वेग आहे. तेवढा दिला नाही तर उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून केलेल्या फेकीत, ती लवकरच डावीकडे वळून पडते. मी हौसेने १३ ची घेतली होती. माझ्या जुन्या ७ च्या डिस्कपेक्षा ती दर वेळी कमीच गेली. आता ती घरी कुंडीखाली आहे.

नागपूरच्या मे महिन्याचं मात्र मला आधी खरं वाटलं होतं. २० अंशांच्या मानाने ४५ अंशांना हवा सुमारे ८ टक्के विरळ होते, म्हणजे अडथळा कमी. पण डिस्क म्हणजे गोळा नव्हे, ती हवेवर तरंगते. हवा विरळ झाली की उचलही तेवढीच घटते आणि डिस्क लवकर डावीकडे वळते. फायदा झालाच तर ज्याच्या हातात वेग आहे त्याला. वर उन्हात ठेवलेली डिस्क मऊ पडते आणि घामाच्या हातातून निसटते, हे वेगळंच.

राहिला नीरज. त्याचा ९०.२३ मीटरचा भाला ८०० ग्रॅमचा, आपली डिस्क त्याच्या पाव वजनाहूनही कमी आणि वर पंखासारखी. तुलनाच नाही. थाळीफेकीशी करायची तर पुरुषांची थाळी दोन किलोची. लिथुआनियाचा थाळीफेकपटू मायकोलास अलेक्नाने एप्रिल २०२५ मध्ये ती ७५.५६ मीटर फेकली, तीही ओक्लाहोमातल्या रामोना या वाऱ्यासाठी मुद्दाम निवडलेल्या जागी. गंमत म्हणजे थाळीवाल्यांना वारा समोरून हवा असतो, डिस्कच्या विक्रमवाल्यांना पाठीमागून.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर काका म्हणाले, "वाचायला लय मोठं आहे, रविवारी येतो." आले. पांढरे बूट, टोपी, सगळं. पहिल्या दोन फेकी नाक वर करून गेल्या, तिसरी सरळ गेली. फीत मीच धरली. काकांनी वाकून आकडा दोनदा वाचला, ३४ मीटर.

"वारा समोरून होता," म्हणाले.

होता खरा.