‘स्वतः वापरत नाहीत, म्हणून आपल्याला विकतात’: पाणबुड्यांवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

माझगाव डॉकमधून एखादी पाणबुडी नौदलात दाखल झाली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. स्कॉर्पिन ही फ्रेंच आराखड्याची डिझेल पाणबुडी फ्रान्स स्वतः वापरत नाही, जर्मनीनेही त्यांची ‘209’ ही पाणबुडी कधी वापरली नाही, म्हणजे हा गिऱ्हाइकांसाठी काढलेला दुय्यम माल. डिझेलचा जमाना संपला, आता अणुपाणबुडीच हवी. असल्या विकाऊ पाणबुड्यांनी युद्धात कधी काही केलेलं नाही. आपण तर नुसते सुटे भाग जोडतो. आणि 2016 मध्ये स्कॉर्पिनची कागदपत्रं फुटल्यावर त्यांत गुपित असं काही उरलेलंच नाही.

यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. गडबड त्यापुढच्या ‘म्हणजे’पासून सुरू होते.

पश्चिम जर्मनीच्या नौदलाचं काम बाल्टिक समुद्रात होतं. तिथलं पाणी उथळ, अंतरं कमी, शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्यांच्या टनभारावर करारांची बंधनं होती. त्यामुळे त्यांनी स्वतःसाठी पाचशे टनांच्या आसपासच्या छोट्या पाणबुड्या बांधल्या. 209 हा त्याहून बराच मोठा आराखडा लांब किनारे असलेल्या देशांसाठी निघाला. पहिलं गिऱ्हाईक ग्रीस, 1971 मध्ये. पुढे तुर्कस्तान, पेरू, ब्राझील, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका असे चौदा देश झाले आणि साठाहून अधिक पाणबुड्या बांधल्या गेल्या. फ्रान्सचं कारण आणखी सरळ आहे. त्यांनी पाणबुड्यांचा सगळा ताफा अणुऊर्जेवर नेला. ‘उएसाँ’ ही त्यांची शेवटची डिझेल पाणबुडी 2001 मध्ये निवृत्त झाली. गंमत म्हणजे स्कॉर्पिन विकत घेणाऱ्या मलेशियाच्या नौसैनिकांना शिकवायला तीच पुन्हा पाण्यात उतरवली. नाशिकचा शेतकरी वाइन पीत नाही म्हणून त्याची द्राक्षं आंबट ठरत नाहीत.

उलट गिऱ्हाईक अडून बसलं तर त्याला हवं ते मिळतं. आपल्या शिशुमार वर्गात, म्हणजे आपण घेतलेल्या 209 मध्ये, सगळे नौसैनिक मावतील असा सुटकेचा गोल कक्ष आहे, तो आपल्या नौदलाच्या मागणीवरून बसवलेला. आणि विकाऊ पाणबुडी म्हणजे वेगळीच जात, हेही सरसकट खरं नाही. रशियाकडून घेतलेल्या आपल्या सिंधुघोष वर्गाच्या भावंडांवर खुद्द सोव्हिएत नौदलाची मदार होती.

आता ‘डिझेल’ या शब्दाबद्दल. पाण्याखाली ही पाणबुडी डिझेलवर चालतच नाही, बॅटरीवर चालते. कलवरीत, म्हणजे आपल्या पहिल्या स्कॉर्पिनमध्ये, प्रत्येकी 750 किलोचे 360 बॅटरी सेल आहेत. डिझेल इंजिनं चालतात ती स्नॉर्केलची नळी पाण्यावर काढून बॅटरी भरायला, आणि तेवढा वेळ ती उघडी पडते. ही खरी मर्यादा आहे. वेगाची दुसरी: पूर्ण वेगाने पळाली तर बॅटरी बघता बघता बसते, चार-पाच नॉटने रेंगाळली तर दिवसच्या दिवस पुरते. अणुपाणबुडीला या दोन्ही चिंता नसतात. पण तिची यंत्रणा सहसा पूर्ण शांत होत नाही, आणि मुंबईसमोर दूरवर पसरलेल्या उथळ समुद्रात तिचं धूड अडचणीचं ठरतं. 2005 मध्ये स्वीडनची ‘गॉटलंड’ अमेरिकेने सरावासाठी सान दिएगोला नेली. त्या छोट्या पाणबुडीने ‘रोनाल्ड रेगन’ या विमानवाहू नौकेला सरावात टिपलं. बाकी अणुपाणबुडी बाजारात मिळते कुठे? रशियाने आपल्याला ‘चक्र’ दिली तीही भाड्याने.

‘युद्धात काही केलं नाही’ हे वाक्य निदान भारतीय माणसाने तरी पुढे पाठवू नये. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. ती बुडवणारी पाकिस्तानची ‘हंगोर’ फ्रान्समध्ये बांधलेली, निर्यात झालेली डिझेल पाणबुडी होती. खुकरी आणि तिच्या सोबतची युद्धनौका किरपाण तिलाच शोधायला निघाल्या होत्या. पुढचे काही दिवस आपण समुद्र पिंजून काढला, तरी ती सुखरूप कराचीला पोचली.

दुसरा दाखला 1982 चा. फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाची ‘सान लुइस’ ही 209 एकटी ब्रिटिश ताफ्यासमोर उभी होती. नेमबाजीचा संगणक बंद पडलेला, गणितं हाताने चाललेली. तिने जर्मन बनावटीचे एसएसटी-4 टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. पण ब्रिटिशांनाही ती सापडली नाही. संशयावरून त्यांनी पाण्यात इतका दारूगोळा ओतला की व्हेलमाशांनाही प्रसाद मिळाला. पाणबुडी आपलं काम करत होती, दगा दिला तो टॉर्पेडोने. हे लक्षात असू द्या, कारण आपलं दुखणं तिथेच आहे.

आधी ‘नुसते जोडतो’चं बघू. चिली आणि मलेशियाच्या स्कॉर्पिन फ्रान्स-स्पेनमध्ये बांधल्या गेल्या. आपल्या सहाही माझगावात. पहिली 2012 मध्ये मिळायची ती डिसेंबर 2017 मध्ये नौदलात दाखल झाली. पाच वर्षांचा उशीर काही भूषणावह नाही, पण त्याचं मूळ मजकूर सांगतो तिथे नाही. 1981 च्या करारातल्या चार जर्मन पाणबुड्यांपैकी शाल्की आणि शंकुल मुंबईतच झाल्या, 1992 आणि 1994 मध्ये. आणखी दोन व्हायच्या होत्या, त्या दलालीच्या वादात बुडाल्या. पुढचा करार थेट ऑक्टोबर 2005 मध्ये. प्रेशर हलचं, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या कवचाचं, वेल्डिंग शिकलेली माणसं एवढा काळ कामाशिवाय थांबत नाहीत, ती पांगली. दक्षिण कोरियाने 209 आपल्यानंतर घेतली. पहिली जर्मनीतल्या कीलमध्ये बांधून घेतली, बाकीच्या घरी, आणि काम थांबू दिलं नाही. 2011 मध्ये त्यांनी इंडोनेशियाला पाणबुड्या विकण्याचा करारही केला.

फुटलेल्या कागदांबद्दल थोडक्यात. ऑगस्ट 2016 मध्ये एका ऑस्ट्रेलियन दैनिकाने 22,400 पानं फुटल्याचं उघड केलं. प्रकरण गंभीरच होतं. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नौदलप्रमुखांकडून अहवाल मागवला. पण तेव्हा कलवरी नौदलात यायची होती. प्रत्यक्ष पाणबुडीचा आवाज तिच्या वेगावर, खोलीवर, पाण्याच्या तापमानावर आणि खारेपणावर बदलतो. कागदावरून शत्रूला अंदाज येतो, ठावठिकाणा लागत नाही.

मजकुरात जे नाही ते टॉर्पेडोचं. कलवरी वर्गासाठी इटलीचे ‘ब्लॅक शार्क’ टॉर्पेडो ठरले होते. ते बनवणाऱ्या कंपनीचा समूह व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टरांच्या प्रकरणात अडकला आणि खरेदी रद्द झाली. नव्याकोऱ्या पाणबुड्या शिशुमारच्या काळातल्या जर्मन एसयूटी टॉर्पेडोंवर आल्या. सान लुइसच्या एसएसटी-4 च्याच घराण्यातले हे, फक्त पुढच्या पिढीचे. डीआरडीओचा नवा जड टॉर्पेडो कलवरी वर्गावर बसवण्यासाठी फ्रेंच कंपनीशी 877 कोटींचा करार झाला तो डिसेंबर 2024 च्या अखेरीस. तोवर सहापैकी पाच पाणबुड्या ताफ्यात रुजू झाल्या होत्या.