पेशंटला धंदा विचारू नका, डॉक्टरसाहेब

अभिनंदन! एमबीबीएस झालात, बॉन्डवर लागलात आणि पोस्टिंग मिळालं थेट कापसाच्या पट्ट्यात, यवतमाळ साइडला. आता ऑगस्ट-सप्टेंबरात कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली की ओपीडीला जी रांग लागेल ती कशी काढायची याचे दोन-चार सल्ले देतो. मी डॉक्टर नाही, पण औषध मारून आडव्या झालेल्या चुलतभावाला मोटरसायकलवर मधे दाबून बसवून दवाखान्यात नेलेला माणूस आहे, म्हणजे अर्धा डॉक्टर झालोच.

पहिलं म्हणजे पेशंट काय काम करतो हे विचारायचंच नाही. तंबाखू विचारा, दारू विचारा, शुगर-बीपी विचारा, सकाळपासून पाठीवर काय होतं ते नको. रामात्झिनी नावाचा इटालियन डॉक्टर १७०० साली लिहून गेला की बाकीच्या प्रश्नांसोबत धंदा पण विचारत जा, पण त्याच्या दारात काय एका सकाळी दीडशे पेशंट उभे नसणार. आणि केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतोच की, तो खिडकीवरचा माणूस भरतो, पुरुष असला की शेती, बाई असली की गृहिणी, संपला विषय. दगडखाणीतला खोकत आला की टीबीच्या गोळ्या, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या पोराचं पोट दुखलं की जंताची गोळी.

दुसरं, आपल्या भाषेचा पुरेपूर फायदा घ्या. आपल्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात ना! तुम्ही विचारायचं, "काही औषध घेतलं का?" तो म्हणणार, "घेतलं नाही जी, कालपासून औषध मारू राहिलो." इथे ते "मारू राहिलो" ऐकायचंच नाही. शेतकरी आणि विष म्हटलं की पिलाच असणार, लगेच बायकोला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारा घरात भांडण झालं का, कर्ज किती आहे, वर पोलिसांचं नाव काढा. म्हणजे पुढच्या वेळी त्या गावातला माणूस फवाऱ्याचं नावच काढणार नाही, उन्हाने चक्कर आली सांगेल, तुमचंही काम सोपं. कातडीतून आणि श्वासातूनही विष आत जातं वगैरे पुस्तकात राहू द्या.

२०१७ला याच जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, वर मारलेला फवारा फिरून तोंडावरच यायचा, त्यात कृषी केंद्रवाल्याने सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकाच ड्रममध्ये. २०च्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाली, चौकशीला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक बसलं. पण ते सगळं तुमच्या आधीचं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

तिसरं, टॉर्च काढू नका. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसली की विचार करावा लागतो. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, दंडाची शीर उडते, सगळ्याला व्हायरल म्हणा आणि सलाईन लावा. अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, कपाटात आहे की संपलंय हे बघायला उठावं लागतं.

आणि कपडे अजिबात काढायचे नाहीत! हे मी डोळ्याने पाहिलंय. भावाला सलाईन चालू, शर्ट तोच, पंपाचं झाकण गळून पाठीवर ओला झालेला, अंगाला चिकटलेला. वास एवढा की सिस्टरने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाल्या खिडकी उघडा रे कोणीतरी. खिडकी उघडली. शर्ट अंगावरच. साबण-पाण्याने अंग पुसून काढायला एक बादली लागते, ती बाथरूमात होती.

वहिनीने शहाणपणा करून रिकामी बाटली कॅरीबॅगमध्ये आणली होती, लाल त्रिकोणवाली म्हणजे सगळ्यात जहाल विषाची, काय उतारा द्यायचा ते तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं. तर ती बाहेर ठेवायला सांगायची, चपलांपाशी. तासाभराने दुसरे डॉक्टर येतील आणि विचारतील, "कोणतं औषध होतं?" तोवर झाडूवाल्याने नेलेली असते. परफेक्ट टायमिंग.

दुसऱ्या दिवशी पेशंट चहा प्यायला की सोडून द्या. एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होऊ शकते, श्वास जड होऊ शकतो, पण तेव्हा तो घरी असेल, तुमच्या वॉर्डात नाही.

शर्ट मात्र आठवणीने पिशवीत घालून द्या हां, फुकट जायला नको. वहिनी तो हाताने धुवेल, पोरांच्या कपड्यांसोबत, त्याच टपात. मग आठवड्याने ती तुमच्याकडे येईल, डोकं गरगरते, मळमळ करते म्हणत. काम काय म्हणून चुकून विचारलंतच तर सांगेल, "काही नाही जी, घरीच असते." टेन्शन घेऊ नका म्हणा, बी-कॉम्प्लेक्स लिहा आणि पुढचा नंबर बोलवा.