‘नव्या कायद्यानं दवाखान्यातल्यांना सूट’: कुठली सूट?

१ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियनच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागला, तो अजून थांबलेला नाही. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: वैद्यकीय क्षेत्राला फौजदारीतून सूट मिळाली, संमतीपत्रावर सही असली की कुणी काही करू शकत नाही, ग्राहक कायदा आता डॉक्टरांना लागू नाही, काही झालंच तर हॉस्पिटल निस्तरेल, आणि नातेवाइकांशी मिटवून घेतलं की विषय संपला.

‘फौजदारीतून सूट मिळाली’

नव्या संहितेचं कलम १०६(१) उघडून वाचा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना तसं घडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या संहितेच्या कलम ३०४-अ मध्येही कमाल शिक्षा दोनच वर्षांची होती, शिवाय नुसत्या दंडावर सोडायची मोकळीक न्यायालयाला होती. नव्या कलमात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आलंय. म्हणजे डॉक्टर जवळपास होते तिथेच आहेत, शिक्षा वाढली ती बाकीच्यांची. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत गृहमंत्र्यांनी डॉक्टरांना यातून वगळत असल्याचं सांगितलं होतं. गैरसमजाला बळ मिळालं ते तिथून.

आणि या ‘बाकीच्यांत’ कोण येतं? कलमाखालच्या स्पष्टीकरणानुसार दोन वर्षांची मर्यादा फक्त राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खालची मान्य पदवी आणि नोंदणी असलेल्यांना आहे. नर्स, फार्मासिस्ट, टेक्निशियन त्यात बसत नाहीत. त्यांना पाच वर्षांचा भाग लागू. हा मेसेज सगळ्यात उत्साहानं पुढे ढकलतात ते नेमके हेच विद्यार्थी!

दिलासा आहे, पण तो २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यातून आलेला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की साधी चूक किंवा चुकलेला अंदाज म्हणजे गुन्हा नव्हे, निष्काळजीपणा घोर असला पाहिजे. तपास अधिकाऱ्यानं आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला अटक करू नये.

‘सही आहे ना, मग झालं’

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल बघा. तपासणीसाठी लॅप्रोस्कोपी (पोटात छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून पाहणं) करायची म्हणून रुग्ण स्त्रीची सही घेतली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय आणि बीजांडकोष काढून टाकले. न्यायालयानं म्हटलं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जीव धोक्यात नव्हता, रुग्ण सज्ञान होती, तेव्हा तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहायला हवी होती. आईचा होकार चालणार नाही. डॉक्टरची फी गेली, वर २५,००० रुपये भरपाई. आणि संमती अगदी चोख असली तरी ती उपचाराला असते, हलगर्जीपणाला कुणी संमती देत नाही.

‘ग्राहक कायदा लागू नाही’

लागू आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा या कायद्याखाली आणली. २०१९ चा नवा कायदा करताना सेवेच्या व्याख्येतून ‘आरोग्यसेवा’ हा शब्द गळला, त्यावरून वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो युक्तिवाद फेटाळला. मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच की जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालयं ग्राहक आयोगाच्या कक्षेबाहेर राहतात. काहींकडून पैसे घेतले जात असतील, तर तिथला मोफत रुग्णसुद्धा तक्रार करू शकतो.

शिवाय दिवाणी दावा असतोच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ मध्ये एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं, पुरेशी भूल न देता हाड बसवलं आणि तो दगावला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ नावाचा तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि भरपाई कायम राहिली. ग्राहक कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. दिवाणीत पुराव्याचं पारडं जरा झुकलं तरी पुरतं. फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. म्हणून एकाच घटनेत माणूस फौजदारीत निर्दोष सुटून भरपाई मात्र भरतो, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

‘हॉस्पिटल निस्तरेल’

अर्धं खरं. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, १९९८) नर्सनं लहान मुलाला चुकीचं इंजेक्शन दिलं, त्याची भरपाई रुग्णालयावर बसली. नोकराच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व आहेच. पण ते पैशापुरतं. कैद मालकाच्या नावावर चढवता येत नाही, आणि नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिच्या स्वतःच्या नावानं असते.

‘मिटवलं की संपलं’

दिवाणी दावा तडजोडीनं संपतो. कलम १०६ चा गुन्हा मात्र तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तरी तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथेही रद्द होईलच असं नाही.