‘१/८००० ठेवा, डोळ्याला काही होत नाही’: हे साफ खोटं आहे

गेल्या रविवारी संध्याकाळी भाचा गंगापूर धरणावरून घरी आला तो डोळे चोळतच. “मावशी, जिकडे बघतो तिकडे हिरवा ठिपका दिसतोय,” म्हणाला. पैसे साठवून त्याने नुकताच एक वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घेतलाय, सोबत दूरचं जवळ आणणारी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. सूर्य बुडायला तासभर असताना हा मुलगा व्ह्यूफाइंडरला (कॅमेऱ्यामागच्या झरोक्याला) डोळा लावून सूर्याचे फोटो काढायचा सराव करत होता. कारण काय, तर २ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान आहे, त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे आणि त्याला तो फोटो हवा आहे. मी ओरडले तर मलाच समजावायला लागला, “अगं, पण मी शटर एकदम फास्ट ठेवलं होतं!”

ठिपका रात्रीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन डोळ्याचा पडदा तपासून घेतला. सुदैवाने काही झालेलं नाही. पण हे त्याच्या डोक्यात भरवलं कोणी, ते त्याने मोबाइलवर दाखवलं तेव्हा माझा संताप झाला. ‘सिंहस्थ स्पेशल : मोठे फोटोग्राफर लपवतात ते ५ नियम’. आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज, वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का आणि खाली सगळ्या काका-मामांचे अंगठे.

नियम थोडक्यात असे. शटर स्पीड (शटरचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते) कायम १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. आयएसओ (आलेल्या उजेडाला कॅमेरा देतो ती उचल) १०० च्या वर कधीच नेऊ नका. रात्री फ्लॅश हवाच. मेगापिक्सेल जितके जास्त तितका फोटो चांगला. आणि पाचवा, शब्दशः देते: ‘ग्रहणाचा फोटो काढताना शटर १/८००० आणि अपर्चर एफ/२२ ठेवा. प्रकाश सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापुरताच आत येतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून पाहताना डोळ्याला काही होत नाही. भीती वाटल्यास लेन्सपुढे जुनी एक्स-रे फिल्म धरा.’

(अपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं तोंड. एफचा आकडा मोठा तितकं ते लहान.) मी पाचव्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चारांनी फार तर फोटो बिघडतील.

भाच्याला मी टेबलाशी बसवलं, कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि आत बघायला सांगितलं. समोर तिरपा बसवलेला एक लहानसा आरसा दिसतो. लेन्समधून आलेला उजेड या आरशावर पडतो, वर वळतो आणि तिथून तुमच्या डोळ्यात येतो. शटरचा पडदा या आरशाच्या मागे, फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या अगदी पुढ्यात. मग शटर दोन सेकंदांवर ठेवून बटण दाबायला लावलं. खट्‌ झालं, आरसा वर गेला, पडदा उघडला, मागचा सेन्सर हिरवट-निळा चमकला, दोन सेकंदांनी पुन्हा खट्‌ आणि आरसा खाली. “आता हेच डोळा लावून कर,” म्हटलं. त्याने केलं. ती दोन सेकंद व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख होता.

आता विचार करा. तुम्ही फ्रेम लावताय, फोकस जुळवताय, सूर्य मधोमध आणताय, तेव्हा शटर बंद असतं आणि उजेड आरशावरून थेट डोळ्यात येत असतो. ज्या क्षणी शटर उघडतं, नेमक्या त्याच क्षणी डोळ्यापुढे अंधार असतो. म्हणजे १/८००० ने वाचला तर सेन्सर वाचेल. तुमच्या डोळ्याने त्याआधीचे दहा-वीस सेकंद ऊन खाल्लेलं असतं, शटर कितीवरही ठेवा. एफ/२२ चंही तसंच. तुम्ही पाहत असता तेव्हा लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडं असतं, ते बटण दाबल्यावरच क्षणभर आवळतं. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते. ३०० मिलिमीटरला उघडलेल्या त्याच्या लेन्सचं तोंड पाच सेंटिमीटरहून मोठं आहे. एवढ्या तोंडाने गोळा केलेलं ऊन डोळ्यात घ्यायचं, आणि तेही निर्धास्त राहून! शिवाय भाच्याच्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० च्या पुढे जातच नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुठून कळणार.

डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. हात भाजला तर आपण झटकन मागे घेतो, इथे तसं काही होत नाही. भाजलेलं काही तासांनी समजतं: वाचताना ज्या अक्षराकडे बघावं तेच धूसर, समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी डाग. कुणाचं काही महिन्यांत बरंचसं सुधारतं, कुणाचं कायमचं राहतं, आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. नासाच्या ग्रहणाविषयीच्या सूचना वाचा, त्या कुणालाही उघडून पाहता येतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की कॅमेऱ्याची लेन्स, दुर्बीण किंवा टेलिस्कोप यांतून सूर्याकडे पाहू नका, ग्रहणाचा चश्मा डोळ्यावर असला तरीही नाही, कारण एकवटलेलं ऊन तो चश्मा जाळून डोळ्यापर्यंत पोचतं. गाळणी (फिल्टर) लावायची तर लेन्सच्या पुढे, आणि ती सूर्यासाठीच बनवलेली. अशी गाळणी साधारण एक लाखांश उजेड आत सोडते. एक्स-रे फिल्म डोळ्याला काळी दिसते, म्हणून लोक फसतात. तिच्यातून न दिसणारे अवरक्त किरण येतातच, आणि फिल्म जिथे फिकी तिथून ऊनही येतं. नुसत्या डोळ्यांनी पाहायचा चश्मा घ्यायचा असेल तर त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक लिहिलेलं हवं. (कॅमेऱ्यातल्या आयएसओचा आणि याचा संबंध नाही.)

मेसेजच्या पाचव्या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात किंवा मोबाइलवर तुम्ही सूर्य पाहत नाही, स्क्रीनवरचं चित्र पाहता, त्यामुळे तिथे डोळा वाचतो. पण सेन्सर उघडा असतो आणि मोठ्या लेन्सने तो जळू शकतो, म्हणजे गाळणी तिथेही लागणारच.

हे सगळं मी इतकं ताणून धरतेय त्याला नाशिकचं कारण आहे. त्या दिवशी सोमवती अमावस्या आहे, रामकुंडावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसणार. ग्रहण आपल्याकडे खंडग्रास, दुपार कलल्यावर. आणि ऑगस्टमधलं आपलं आभाळ तुम्हाला ठाऊक आहे: तासभर ढग, मग अचानक फट पडून कडक ऊन. ढगाळ उजेडात बाहुली मोठी झालेली असते. अशा वेळी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून ढग सरायची वाट बघत शेकडो पोरं घाटावर उभी राहिली, तर काय होईल?

आता बाकीचे नियम.

‘कायम १/१०००.’ हा नियम पाळून भाच्याने रामकुंडावरच्या संध्याकाळच्या गोदाआरतीचे साठ-सत्तर फोटो काढले होते, सोबत आयएसओ १००. सगळे काळेकुट्ट. एकात फक्त दिव्यांच्या ज्योतींचे ठिपके. त्याला वाटलं, कॅमेरा खराब निघाला, दुकानदाराने फसवलं. मी सेटिंग पाहिलं. दिव्यांच्या त्या उजेडात एफ/४ ला साधारण १/६० आणि आयएसओ १६०० लागतो. याने शटरमध्ये सोळा पट उजेड कापला आणि आयएसओमध्ये आणखी सोळा पट उचल घालवली. गुणाकार करा, अडीचशेहून जास्त पट काळा फोटो. कॅमेरा उत्तम आहे. आयएसओ कमी ठेवला की फोटो स्वच्छ येतो हे खरं, पण पुरेसा उजेड असेल तेव्हा. आयएसओ वाढवून रवाळ झालेला फोटो पाहता येतो, दुरुस्तही करता येतो. काळ्या फोटोतून आरती करणाऱ्याचा चेहरा कुठून काढणार?

वेगवान शटरने हलणारी गोष्ट गोठते, यात वाद नाही. नांदूरमध्यमेश्वरला उडता पक्षी टिपायचा तर १/१६०० सुद्धा कमी पडतं कधी कधी. पण शटर स्पीड ठरवायचा तो समोर काय हलतंय आणि ते तुम्हाला कसं दाखवायचंय यावरून. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, पोरं धप्पा मारतात. १/१००० ला मी काढलेल्या फोटोत उडालेल्या रंगाचा थेंब न्‌ थेंब हवेत थांबलेला आहे, उडी मारणाऱ्याच्या मिटलेल्या पापण्याही मोजता येतील. त्याच जागेवरून, भिंतीला कॅमेरा टेकवून १/३० ला काढलेल्या फोटोत काठावरची माणसं स्पष्ट आहेत आणि मधे रंगाचा एक आख्खा पडदा उभा राहिलाय. आमच्या घरात भिंतीवर दुसरा लावलाय. सोमेश्वरच्या धबधब्याचं दुधासारखं पाणी हवं असेल तर अर्ध्या सेकंदापर्यंत खाली यावं लागतं, तिथे ट्रायपॉड हवाच.

आणि एक गोष्ट हा मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, १/१००० ला कॅमेऱ्याला दिसतं. चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात एका नातेवाइकाने कार्यालयात याच सेटिंगवर फोटो काढले. एका फोटोत नवरीचा चेहरा पिवळा, पुढच्यात करडा, तिसऱ्यात अंतरपाटावर आडवे काळे पट्टे. अशा ठिकाणी १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

फ्लॅशबद्दल एवढंच: कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ/४ ला जेमतेम तीन मीटर पोचतो. कुंडाच्या पलीकडच्या काठावर त्याचा काही उपयोग नाही, उलट पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं पांढरंफटक येतं आणि आरतीचा पिवळा उजेड मरतो. मेगापिक्सेल १२ चे २४ झाले तर फोटोची लांबी-रुंदी दीडपटही वाढत नाही, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना तो आकसतोच.

स्नानाच्या दिवशी पहाटे ढगाळ उजेडात भाच्याने काय ठेवावं, हे त्याने मला विचारलं. शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, अपर्चर कॅमेरा ठरवतो), १/२५०, आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२००. ओंजळीतून सांडणारं पाणी थोडं ओढल्यासारखं येईल आणि चेहरा स्थिर राहील. उजेड वाढला तर १/५०० करावं. सूर्य फ्रेममध्ये नको.

ग्रहणाच्या फोटोचा त्याचा हट्ट मात्र सुटला नव्हता. म्हणून काल गच्चीवर जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, दाभणाने तीन-तीन सेंटिमीटरवर भोकं पाडली आणि दुपारच्या तिरप्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून, टाकीच्या पांढऱ्या भिंतीसमोर दोन मीटरवर धरला. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची गोल गोल बिंबं उमटली, रुपयाच्या नाण्याहून थोडी लहान. ग्रहणात यातलं प्रत्येक बिंब चंद्रकोरीसारखं होईल, आणि तेवढ्या वेळात ढग सरले तर घाटावरच्या पिंपळाखालीही तशाच कोरी सांडलेल्या दिसतील. पुठ्ठा मी धरला, फोटो त्याने काढला. मेसेजमधला एकही आकडा न वापरता: १/६०, एफ/५.६, आयएसओ ४००.