पिन सरकली, शाळा गेली

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरताना नकाशावर घराची पिन जरा सरकली, की १ किलोमीटरच्या आतली शाळा थेट १ ते ३ किलोमीटरच्या गटात! ही चूक सापडते कधी? सोडतीत नंबर लागल्यावर, पडताळणीत. आधीच का नाही सांगत? पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार नोटरीचा चालत नाही, नोंदणीकृतच हवा, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. पत्र्याच्या खोलीचा मालक दुय्यम निबंधकाकडे येतो का कधी? सायबर कॅफेत घाईघाईत दुसरा अर्ज भरला गेला, की दोन्ही बाद. २०२४ मध्ये तर सरकारने कहरच केला: १ किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूटच! उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण तोवर जुलै उजाडला. शाळा जूनमध्ये सुरू होतात हो!