'शंभर वर्षांचा पूर' येऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका

आत्याने यंदा घराच्या पूरविम्याचा हप्ता भरला नाही. का म्हणून विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी ढकललेला मेसेज होता: 'गेल्या वेळचा पूर शास्त्रज्ञांच्या मते शंभर वर्षांतून एकदा येणारा होता. म्हणजे पुढची ९९ वर्षं काळजी नको. नदीचं चक्र ठरलेलं असतं. खरं तर पूर येतो तो धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे. आणि नदी खोल केली की प्रश्न कायमचा मिटेल. सर्वांना पाठवा.' आत्या हिशेबाला पक्की बाई. तिलाही हे पटलं, कारण वर 'शास्त्रज्ञांच्या मते' असं लिहिलं होतं. तेव्हा शास्त्रज्ञ नेमकं काय म्हणतात ते एकदा लिहूनच टाकते.

'पुढची ९९ वर्षं काळजी नको.' अख्ख्या मेसेजमधलं हे सगळ्यांत घातक वाक्य आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे असा पूर, जो किंवा ज्याहून मोठा कोणत्याही एका वर्षात येण्याची शक्यता १ टक्का असते. यंदा १ टक्का, पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का, आणि यंदा येऊन गेला असला तरी पुढच्या वर्षी १ टक्काच. मडक्यात शंभर चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या एकीवर 'पूर' लिहिलंय. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत मडक्यात टाकायची. ती परत टाकायची असते, एवढंच मेसेज लिहिणारा विसरला. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, हीच गोष्ट सामान्य लोकांसाठी वर्षानुवर्षं समजावून सांगते आहे. लोकांचा असाच गैरसमज होतो म्हणून आता त्यांचा भर शंभर वर्षांपेक्षा '१ टक्का वार्षिक शक्यता' असं म्हणण्यावर असतो.

आता हा १ टक्का घराच्या हिशेबात मांडा. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत. त्या तीस वर्षांत एकदाही असा पूर न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ ला ०.९९ ने गुणत तीस वेळा घ्यायचं. उत्तर येतं सुमारे ०.७४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी तेवढं पाणी येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. शंभर वर्षं धरली तर ६३ टक्के. म्हणजे शंभर वर्षांत तो येईलच अशीही खात्री नाही, आणि दोनदा येणार नाही अशी तर मुळीच नाही.

हा आकडा काढतात कसा ते पाहिलं तर मेसेजचा उरलासुरला आधारही जातो. नदीवरच्या मोजणी केंद्रात दरवर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह नोंदवलेला असतो. समजा, पन्नास वर्षांचे असे पन्नास आकडे आहेत. ते मोठ्याकडून लहानाकडे लावतात. साधी रीत अशी की नोंदींच्या वर्षांत एक मिळवायचा आणि आकड्याच्या क्रमांकाने भागायचं. पहिल्या क्रमांकाचा पूर सरासरी ५१ वर्षांतून एकदा येणारा, दुसरा साडेपंचवीस वर्षांतून एकदा, असं खाली येत जायचं. मग हे आकडे आलेखावर बिंदूंनी मांडायचे, त्यांवर एक वक्र बसवायचा आणि तो शंभर वर्षांपर्यंत पुढे न्यायचा. एमिल गुम्बेल या गणितज्ञाने १९४१ मध्ये पुरांच्या या हिशेबावर शोधनिबंध लिहिला आणि त्याच्या नावाची पद्धत आजही जगभर वापरतात. यात एक गोष्ट नीट बघा: आकडे आकारानुसार लावले की कोणता पूर कोणत्या वर्षी आला हे त्या यादीतून निघूनच जातं. ज्या गणितात तारीख शिरतच नाही, ते पुढच्या पुराची तारीख सांगणार कुठून?

उलट, मोठा पूर येऊन गेला की तो नवा आकडा यादीत बसतो, वक्र पुन्हा काढला जातो आणि बहुतेक वेळा वर सरकतो. काल ज्याला शंभर वर्षांचा म्हणत होतो तो उद्या साठ-सत्तर वर्षांचा ठरू शकतो. त्यामुळे मोठ्या पुरानंतर काळजी कमी करायला काही जागा नाही, झालीच तर ती वाढायला हवी. त्यात हवा तापते आहे. दर अंश सेल्सिअसमागे ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. जुन्या नोंदींवरून पुढचं तसंच्या तसं मांडता येईल हे गृहीतक आता मेलं, असं काही नामवंत जलवैज्ञानिकांनी २००८ मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात लिहून ठेवलंय.

'नदीचं चक्र ठरलेलं असतं.' जर्मनीतल्या कोलोन शहरातलं ऱ्हाईन नदीचं मोजमाप पाहा. १ जानेवारी १९२६ ला पाणी १०.६९ मीटरवर गेलं होतं. मग जवळजवळ अडुसष्ट वर्षं पाणी एवढं चढलं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये १०.६३ मीटर. आणि जानेवारी १९९५ मध्ये पुन्हा १०.६९. जवळजवळ अडुसष्ट वर्षं आणि मग तेरा महिने, याला चक्र म्हणायचं असेल तर चक्राला काही अर्थच राहत नाही. दुसऱ्या वेळी पाणी किंचित जास्तच होतं, तरी नुकसान मात्र बरंच कमी झालं. १९९३ चा अनुभव ताजा होता, लोकांनी तळघरातलं सामान वेळेत वर नेलं. 'आला तो गेला, आता आपल्या हयातीत नाही' असं म्हणून ते स्वस्थ बसले असते तर काय झालं असतं, याचा विचार हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी करावा.

धरणाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. दरवाजे कधी आणि किती उघडले, पावसाचा अंदाज असताना धरणात जागा का ठेवली नाही, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. सिंचनाला भरलेलं धरण हवं आणि पुराला रिकामं, ही ओढाताण खरी आहे आणि तिच्यात चुका होतात. पण धरण पाणी तयार करत नाही. ते काठोकाठ भरलं की वरून जेवढं येतं तेवढं खाली सोडावंच लागतं, नाहीतर धरणच धोक्यात येतं. आणि धरणाच्या खाली नदीला मिळणाऱ्या ओढ्या-उपनद्यांना दरवाजे नसतात. तिथे पाऊस झाला तर वरचं धरण बंद असूनही पूर येतो.

नदी खोल करण्याबद्दल थोडक्यात: पुलाखाली साचलेला भराव, पात्रात टाकलेला राडारोडा काढलाच पाहिजे, त्याने फरक पडतो. पण मोठ्या पुरात नदी पात्र सोडून मैलभर पसरलेली असते. त्या पाण्यापुढे पात्रात खणलेल्या दोन-चार फुटांची जागा नगण्य असते, आणि पुढच्या एक-दोन पुरांत ती गाळाने पुन्हा भरते.

हा मेसेज तुमच्याकडे आला असेल तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या घराजवळ १ टक्का शक्यतेच्या पुराची पातळी किती, आणि आपला उंबरठा तिच्या वर आहे की खाली? पूररेषेच्या नकाशावर ही पातळी सापडते. नकाशा नसेल तर मागच्या पुराची भिंतीवरची खूण मोजा आणि तिच्यापेक्षा जास्त पाणी येऊ शकतं हे धरून चाला. उंबरठा खाली असेल तर कागदपत्रं, धान्य, विजेचा मीटर वरच राहू द्या आणि विम्याचा हप्ता मुदतीत भरा.