कठड्यावरचा पाय

मूल कॉटमधून पलंगावर हलवायचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही. तो एका पायाने कळतो. रात्री साडेअकराला कठड्यावर टाच येते, पाच बोटं फाकतात, मागून गुडघा, आणि मग सिंहगडाचा कडा चढून आलेल्या मावळ्याच्या थाटात एक चेहरा आपल्याकडे बघतो.

चढण सोपी, उतरण वाईट. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड, त्यामुळे पलीकडे आधी पाय पोचत नाहीत, डोकं पोचतं. म्हणून पहिल्याच टाचेला पाना काढा. बहुतेक कॉटच्या तळफळीला दोन-तीन उंच्या असतात. ती सगळ्यात खाली न्या. आतले लोड, उशा, मावशीने दिलेलं अस्वल बाहेर. मुलाच्या लेखी त्या पायऱ्या आहेत. एवढं करूनही कठडा छातीच्या खालीच राहिला, किंवा पोराची उंची 90 सेंटिमीटरच्या घरात गेली, की कॉटची नोकरी संपली. पाय आलाच नसेल तर तीन वर्षांपर्यंत मी तरी घाई करणार नाही. घरात दुसरं बाळ येणार असेल तर मात्र दीड-दोन महिने आधीच हलवा, नाहीतर थोरलं त्या बाळाकडे घर बळकावलेल्या भाडेकरूसारखं बघतं. शू सांगायला शिकवणंही त्याच पंधरवड्यात काढू नये.

आता पलंग. आपल्याकडचा बॉक्स बेड अठरा इंच, वर सहा इंची गादी, म्हणजे दोन फुटांवरून थेट फरशी. दुकानदार मोटारीच्या आकाराचा पलंग दाखवतो; त्यात मूल झोपत नाही, गाडी चालवतं. माझा कौल जमिनीवरच्या गादीला. खाली सतरंजी, वर चार इंची कापसाची गादी. पडून पडून पडणार किती? रोज सकाळी ती उचलून भिंतीशी उभी करा, नाहीतर फरशीच्या ओलाव्याने खालून बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास. गादी भिंतीला लावायची तर पार चिकटवून, नाहीतर चांगली हातभर लांब. मधली चार बोटं फट सगळ्यात घातकी, मूल झोपेत घरंगळून तिथेच अडकतं. पलंगाशिवाय इलाज नसेल तर कडेला, चादरीच्या खाली, गोधडीची घट्ट गुंडाळी घाला. चादरीच्या वर ठेवलीत तर पहिल्याच रात्री तिचा घोडा होतो.

कॉट गेली, म्हणजे अख्खी खोलीच कॉट झाली. संध्याकाळी एकदा चक्क रांगून बघा: लोंबणारा चार्जर, पडद्याची दोरी, खिडकीखालचं स्टूल. कपाटाचे खण हा जिना असतो, तेव्हा कपाट भिंतीला क्लॅम्पने आवळा. आणि दाराची आतली खालची कडी आधी काढा. ती लावता येते त्या वयात ती उघडता येत नाही, आणि दारापलीकडून दिलेल्या सूचना कोणी ऐकत नाही.

मग रात्रीच्या फेऱ्या. पहिली पाण्यासाठी, दुसरी शूसाठी, या दोन्ही रास्त. तिसरीला प्रश्न येतो, "पाल झोपली का?" हा सापळा आहे. उत्तर दिलंत की पालीची आई, पालीचं अंथरूण, पालीचा बाबा ऑफिसला कधी जातो, असं पुराण लागतं. हात धरून गादीवर न्या, "आता झोपायचं" एवढंच म्हणा, फिरा. दर वेळी तेच वाक्य, त्याच कंटाळवाण्या आवाजात. आठ-पंधरा दिवस जातात. तेरा वेळा परत नेऊन चौदाव्यांदा "बरं, ये माझ्याजवळ" म्हणालात, तर मूल एकच शिकतं: भाव चौदा आहे. आजी दिवाणखान्यातून "एवढ्याशा लेकराला एकटं टाकलंत होय?" म्हणणारच, त्यांना गोष्ट सांगायच्या कामावर नेमा, झोपण्याआधीच्या.

कॉट सोडवताना बोल्ट पिशवीत घालून ती पिशवी फळीलाच बांधा. उघडताना आठ निघतात, जोडताना सातच सापडतात. पण ती इतक्यात सोडवू नकाच. कठड्यावर टॉवेल छान वाळतात.